भोक

पाचव्या मजल्याचं छत करवतीनं कापून
क्रेननं खाली उतरवलं, अख्खंच्या अख्खं.
इंजिनियर बाईंनी हातोडीनं वाजवून पाहिलं,
मडकं वाजवून घ्यावं तसं,
आणि खडूनं लिहिलं : पक्कं. १९७४.

कोटबुसच्या थंडीत हायड्रून कुंपणाशी उभी.
ते भोक, मधोमध नाही, जरा खिडकीकडे.
बापानं क्रुप्काचंच ड्रिल मागून आणलेलं, रविवारी;
आवाजाची तक्रारही मग क्रुप्कानंच केलेली.

याचा धूर तेव्हाच आभाळात गेला,
बाई म्हणाल्या, तो काही परत येत नाही.
निदान दुसरी भट्टी नको पेटायला.

आता ते छत श्प्रेकाठी, होडी-क्लबच्या डोक्यावर.
नकाशात नोंद : भोक जुनं, बुजवू नये.
दिवा तिथूनच लोंबतोय,
जरा खिडकीकडे.
खिडकी मात्र
दुसऱ्या भिंतीला आहे.