घंटा नगरपालिकेची

रेनच्या कोर्टाचा कागद आला मंगळवारी.
सहा महिन्यांत उतरवा म्हणे,
नगरपालिकेच्या अंगणातला, ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावरचा लोखंडी क्रूस,
ज्याच्या डाव्या हातावर सीगल बसतात
आणि उजव्यावर कधीच नाही.
का, ते सत्तर वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.

तक्रारदार: तांगी ल गोफ, निवृत्त शिक्षक.
लहानपणी माझ्या भावाबरोबर वेदीवर सेवा करायचा,
धुपाटणं फिरवताना एकदा त्यानं
फादरांच्या झग्याला भोक पाडलं होतं.

सभा भरली शाळेच्या जेवणघरात,
बालवाडीच्या खुर्च्यांवर आम्ही म्हातारे,
गुडघे हनुवटीला.
एर्वे म्हणाला, अपील करू; वकील त्याच्या जावयाचा मित्र.
कोम, वय बावीस, पॅरिसहून लॅटिन शिकून आलेला,
म्हणाला, रात्रभर जपमाळ घेऊन गुडघे टेकू, कॅमेरे बोलावू.
त्याचे गुडघे कोवळे आहेत.
मग बिशपांचं पत्र वाचलं गेलं, दोन पानं.
'संवाद' हा शब्द सात वेळा.
मी मोजला.

शेवटी मेयरबाई उठल्या.
"हा आपला वारसा आहे. यात धर्म कुठे आला?
जसं दीपगृह, जसा जुना धोबीघाट, तसाच हा."
टाळ्या पडल्या.
मी हात मांडीवर ठेवले.
बाईंना मी चर्चमध्ये पाहते ते नाताळला,
आणि तेव्हाही मोबाईलच्या उजेडात.

मागून तांगीचा आवाज आला,
"धर्मच आहे तो. नसता तर मी कशाला कोर्टात गेलो असतो?"

साऱ्या खोलीत
क्रूसाला क्रूस म्हणणारा तो एकटा.
मला राग आला, आणि तो कुठे ठेवावा कळेना,
हातात कढत भांडं
आणि टेबलावर जागा नाही, तसं.

फादर आनिसे बेनिनचे. इथे त्यांचा तिसरा हिवाळा,
सव्वीस गावं, एक खटारा गाडी.
तुमचं काय म्हणणं, विचारलं.
म्हणाले, आमच्या अंगणातले देव
मिशनऱ्यांच्या सांगण्यावरून उतरवले तेव्हा
शिडी आजोबांनीच धरली होती.
नंतर कधी त्या कोपऱ्यात बसले नाहीत.
एवढं बोलून बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, गवत ओलं असतं,
शिडीखाली फळी टाका.

चार माणसं, दोन दोर, पाऊण तास.
आता तो माझ्या परसात, कांद्याच्या वाफ्याशेजारी.
खाजगी जमीन; कायद्याला चालतो.
पक्षी अजून डावीकडेच.
कोम येतो गुडघे टेकायला.
टेकलेच आहेस तर तण उपट, म्हणते मी,
आणि उपटतो बिचारा, मुळासकट.
रिकाम्या चौथऱ्यावर मेयरबाईंनी जिरेनियम लावलंय.

फेब्रुवारीत तांगीची मायवेन गेली.
दिवेलागणीला तो माझ्या दारात, टोपी पिळत.
"मिस्सा नको. प्रार्थना नको. तिलाही नको होतं.
पण घंटा...
इमारत नगरपालिकेची, घंटाही नगरपालिकेची.
नागरिक म्हणून मागतोय."
किल्ली माझ्याकडे असते.
मी म्हटलं, नागरिक म्हणून ये, पण जपून,
सातवी पायरी हलते.
"तेव्हाही हलायची," तो म्हणाला.

बाईसाठी आधी सहा ठोके, मग वयाचे.
आळीपाळीनं ओढला दोर.
चाळिशीपर्यंत माझे खांदे भरून आले,
साठीला त्याचे.
दोन ठोक्यांच्या मध्ये जेवढं मावेल तेवढं
मी ओठांतल्या ओठांत म्हणत होते.
अंधार होता. त्याला दिसलं असेल,
नसेलही.
अडुसष्टावर तो थांबला
आणि दोर धरूनच उभा राहिला,
घंटा आपोआप आणखी एकदा वाजेपर्यंत.

खाली आल्यावर टोपी घालत म्हणाला,
क्रूसाला गंज धरतोय तुझ्याकडे, कुंपणावरून दिसतो.
जवसाचं तेल लाव.