तीन चौरस मीटर

मेरिलबोन रोडच्या कोर्टात
सव्वीस वर्षं मी एवढंच मोजतेय:
माणूस परत पाठवला
तर त्याला पाय किती पसरता येतील.
तीन चौरस मीटरच्या खाली गेलं
की माझा युक्तिवाद सुरू.

न पाहिलेल्या देशांतले तुरुंग मला पाठ.
कुठल्या बराकीत ओल, कुठली खिडकी भिंतीकडे,
कुठे हमीपत्राची शाई वाळायच्या आत
चौथ्यालाही आत कोंबतात.

आज रिमांतस. क्रॉयडनचा, प्लास्टरवाला.
एकोणिसाव्या वर्षी जनरेटर चोरला होता,
आता मुलगी त्या वयाची.
"त्यांना तेव्हाचा मी हवाय.
तो कुठून आणून देऊ?"
दुभाषी बाई जरा थांबली, मग बोलली.

प्रत्यार्पण. शब्द तरी बघा,
पोटात अर्पण,
जसं काही हळदकुंकू वाहून देतोय.
देतो ते पहाटे, हीथ्रोवर, बेड्यांत,
प्लास्टिकच्या पिशवीत पट्टा आणि
आता कुठलंच दार न उघडणाऱ्या किल्ल्या.

हरले.
अपिलाला सात दिवस.

घरी येऊन टेप काढली, स्वयंपाकघर मोजलं.
दोन पूर्णांक नऊ.
इथे मी रोज उभ्यानेच जेवते,
दार उघडं ठेवून.

छताला पोपडे धरलेत.
त्याने एका दुपारीत केलं असतं.