पुढचा फेरा

ताइवो, तुझा पॅच उघडलाय.
दोनशे बारा ओळी, सगळ्या नीट विंचरलेल्या,
शाळेच्या पहिल्या दिवशीच्या भांगासारख्या.
कुओपिओत उणे एकोणीस. गोठलेल्या तळ्यावरून
कुणीतरी ढकलघसर रेटत निघालंय,
अंधारात तेवढा कपाळावरचा दिवा.
तिकडे तार्तूत तू कसा दिसतोस, ठाऊक नाही.
मी फक्त तुझे कंस ओळखते
आणि स्वल्पविरामानंतर दोन जागा सोडायची खोड.

सुरुवात चांगली आहे.
टायमर चालू करतोस, मग त्यालाच विचारतोस,
चाललास का बाबा?
बहुतेक जण विचारत नाहीत.

एकशे सत्तेचाळिसावी ओळ.
इथं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
तू काउंटर वाचतोस, त्यात थोडी भर घालतोस,
रजिस्टरात लिहून ठेवतोस:
या ठोक्याला मला उठव.
आणि निर्धास्त परततोस.

पण लिहायलाही वेळ लागतो रे.
रजिस्टर चिपच्या पार पलीकडच्या टोकाला,
वाट सुस्त,
तुझा आकडा तिथं पोचेस्तोवर
काउंटर तो ठोका ओलांडून गेलेला असू शकतो.
बैल गेला नि झोपा केला.
या हार्डवेअरला 'पेक्षा मोठा' कळत नाही,
कळतं फक्त 'बरोबर'.
म्हणून ते वाट बघतं,
बत्तीस बिट भरून, शून्यावर येऊन,
हुकलेला आकडा पुन्हा समोर येईपर्यंत.
सेकंदाला दोन कोटी चाळीस लाख ठोके.
विजेच्या बिलामागं भागाकार केला:
एकशे एकोणऐंशी सेकंद.

विश्वास बसेना. बोर्ड काढला,
पावाच्या पाटावरचा भुगा झटकून त्यावर ठेवला,
तुझा ड्रायव्हर चढवला
आणि मुदत कमी कमी करत नेली.
पिवळा दिवा लुकलुकत होता.
पन्नास मायक्रोसेकंद, ठीक.
दहा, ठीक.
तीनला तो थांबला.

मी त्याच्याकडे बघत बसले.
फ्रिज घुमायचा थांबला, परत घुमायला लागला.
तळ्यावरचा दिवा पैलतीराला टेकला असावा.
मग लागला.
लॉगमध्ये एक ओळ नाही, जणू काही झालंच नाही.
एकटीच मोठ्यानं हसले.
चूक सापडल्याचं सुख, खरं सांगते,
पॅच चांगला निघाल्याच्या सुखापेक्षा
थोडं जास्तच असतं.

तेव्हा भिंतीकडे पाहिलं. आठ वीस.
गुरुवार.

आमच्या इमारतीच्या तळघरात सौना आहे.
वहीत नावं आहेत, माझं सात ते आठ,
गेली सोळा वर्षं.
टॉवेल दाराच्या कडीला तसाच.
तरी खाली गेले, उगाच.
लेपिस्तो म्हातारबुवांनी वाफेतून मान बाहेर काढली,
लाल, ओली, अत्यंत सभ्य,
आणि बोटानं वहीकडे दाखवलं.
"पुढच्या गुरुवारी," म्हणाले.
त्यांचं बरोबर होतं. इथं कुणी
"या, बसा कोपऱ्यात" म्हणत नाही,
आणि मीही त्यांना कधी म्हटलेलं नाही.

वर येऊन लिहितेय:
आकडा लिहिल्यावर काउंटर पुन्हा वाच.
तो पुढं गेला असेल तर लपवू नकोस,
वेळ टळली असं स्पष्ट सांगून परत ये.
ज्यानं मागितली, तो नवी वेळ देईल.
'लपवू नकोस' खोडलं, कठोर वाटलं.
मग परत लिहिलं.

स्वल्पविरामानंतर एकच जागा.

खाली माझं नाव अजून घालत नाही.
दुसरी आवृत्ती पाठव, घाई करू नकोस,
कधीही चालेल,
गुरुवारची संध्याकाळ सोडून.