आस्थापना-२

दुसऱ्या मजल्यावरची मशीन
तापायला साडेतीन मिनिटं घेते.
खाली सदरचा रस्ता
तिच्या आधीच तापलेला.

मी टाचण्या काढतो. गंजलेली टाचणी
कागदात आपलं तपकिरी भोक ठेवून जाते,
मग ते भोकही स्कॅन होतं.
घड्या होतात, चहाचा अर्धा गोल होतो,
नोंदीखाली कुणाचातरी निळा अंगठा.
कूलरच्या वाऱ्यानं पानं उडून राहिली,
म्हणून गठ्ठ्यावर डबा.

मग पत्ते. काचेवर नावांची यादी:
खापरे साहेब, ट्रेझरी, मुख्यालय,
आणि मध्येच, अजून,
दमयंती पौनीकर.

त्यांना जाऊन दोन उन्हाळे झाले.
यादीतलं नाव काढायला पासवर्ड लागतो
आणि तो
बाईंनाच माहीत होता.

आज घाईत बोट तिथंच पडलं.
दुर्योधन नगराळे, शिपाई, यांचं सेवापुस्तक,
एकेचाळीस पानं,
गेलं बाप्पा सरळ त्यांच्याकडे.
'पाठवले', मशीननं सांगितलं.

दुपारभर वाट पाहिली,
परत येईल म्हणून. पत्ता चुकीचा,
पेटी भरलेली, असं काहीतरी.
काहीच आलं नाही.

बाई असत्या तर जागेवरून उठल्या असत्या,
चष्मा कपाळावर:
"सतरावं पान उलटं लावलं ना तू?"

मी फाईल उघडून पाहिली.
सतरावं सरळ होतं.
तेविसावं उलटं.

ते नीट केलं, पुन्हा सगळं पाठवलं.
ट्रेझरीला.
आणि त्यांनाही.