अर्धा आटा

दहीपुलाजवळच्या बोळात जालिंदर शिनकर
माझ्या टू-इन-वनचं पोट उघडून बसलाय.
फुगलेले कपॅसिटर उपटले, नव्यांना डाख दिला,
सैल पट्टा बदलला,
स्पिरिटच्या कापसानं हेडवरची तपकिरी पूड पुसली.
मग हेडशेजारचा बारका स्क्रू.
बाजारातली कॅसेट लख्ख वाजली,
झांजेची किणकिण पार चहावाल्यापर्यंत.

मी घरची कॅसेट पुढे केली.
कुमुदताई बोलली,
पण गोधडीत तोंड घालून बोलावं तशी.

"ह्याच मशीनवर भरलेली ना?
तेव्हा हेड तिरकं होतं.
तिरक्याचं तिरक्यालाच कळतं."

त्यानं स्क्रू उलटा फिरवला,
अर्धा आटा.

"अरे, लाल बटण दाबलंस का?"
ताईनं खडसावून विचारलं.

"दोनशे ऐंशी," जालिंदर म्हणाला.
"बिघडवायचे धरले नाहीत."