भाण वर नेताना

इनास बोलतो कमी, बोट जास्त दाखवतो.
आज ते बोट ट्रेलरच्या शेपटाकडे.
उतरवायला सोपं म्हणून मी सगळं मागेच रचलेलं:
काजूच्या भट्टीचं तांब्याचं भाण,
रस आंबवायची दोन पिंपं,
पेंढ्यात निजवलेली मडकी,
आणि वर शाबी वेळीपचं एक बोचकं,
ज्यात काय आहे ते विचारायचं नाही.
जीपचं बूड त्यानं उचललेलं.
रिवणच्या गॅरेजसमोर ती उभी
कुंपणापलीकडचं बघणाऱ्या पोरासारखी, चवड्यांवर.

"काढ," इनास म्हणाला.
काढलं.

शाबी पायरीवर तंबाखू मळत होती.
तिनं जन्मात कधी स्टिअरिंग धरलं नाही,
पण सालजिणीचा डोंगर ती पन्नास वर्षं चढते,
डोईवर कधी भाताचं पोतं, कधी कुणाचं आजारी पोर.
"चडटना भार मुखार आसूंक जाय रे पुता.
फाटीं आसल्यार तो तुका फाटींच व्हरतलो."
इनासनं विडी काढून तिला मान लवली.
हेच कळायला त्याला दोन ट्रेलर उलटवावे लागले होते.

मग पहिल्यापासून.
भाण आसाच्या थोडं पुढे, दोर चारी कोपऱ्यांना.
जड ते खाली. बोचकं तिच्या मांडीवर.
आकड्यावर वजन एवढं,
की दांडा उचलायला जावं नि कमरेनं नको म्हणावं.
दांडा सपाट हवा. इनासकडे लेव्हल नाही,
तो पाण्याची अर्धी बाटली दांड्यावर आडवी ठेवतो
नि बुडबुड्याकडे एक डोळा मिटून बघतो, बराच वेळ.
गोळीचा जोड त्यानं केव्हाच भंगारात दिला.
हा आकडा स्वतःभोवती फिरतो:
जीप खड्ड्यात कलली
तरी ट्रेलरला कलायची सक्ती नाही.
त्याखाली दोन साखळ्या, एकमेकींवरून तिरप्या.
"दांडा सुटलाच तर झोळीत पडेल."
आज दिवसभरात त्याचं सगळ्यात लांब वाक्य.
दिव्यांची वायर उंच बांधली, ओहोळाच्या तोंडी लागू नये म्हणून.
टेकणचाक काढून सीटखाली.
शेवटी टायरांतली हवा सोडली, फुस्स,
आणि गॅरेजचं मांजर रागानं उठून गेलं.
घट्ट टायर दगडावर उडतो,
सैल टायर दगड पोटात घेतो.

डांबर संपलं. लहान गिअर, चारही चाकं.
मी आरशात बघत होतो, म्हणजे ट्रेलरमध्ये,
इनास रस्त्यात बघत होता,
शाबी कशातच नाही.
बोंडांचा आंबूस वास आधीच उतरणीवरून खाली आलेला.
दुसऱ्या ओहोळानंतर ती घळ:
जीप डावीकडे, ट्रेलर उजवीकडे,
आकडा मध्ये करकरत फिरला, फिरला,
आणि खट्.

आरशात दांडा दिसेना.

ब्रेक. धूळ पुढे निघून गेली.
साखळ्यांच्या झोळीत दांडा पडलेला,
जमिनीपासून वीतभर वर,
भाण जागचं हललं नव्हतं.
आम्ही उतरेपर्यंत शाबीनं
ट्रेलरच्या दोन्ही चाकांमागे दगड लावले होते,
बोचकं काखेत तसंच.

इनासनं आकडा पाहिला, खटका पाहिला,
खटक्याचं रिकामं भोक पाहिलं.
मग काही न बोलता तळहात पुढे केला.
मी शर्टाच्या खिशात हात घातला.
पिन तिथेच होती,
सकाळी "नंतर लावतो" म्हणून ठेवलेली,
अंगाच्या उबेनं गरम.

त्यानं ती लावली, दोनदा ओढून बघितली,
आणि तिसऱ्यांदा ओढायला मला सांगितलं.
मी ओढली.
"आतां?" शाबीनं विचारलं.
आता सावकाश.
पुढच्या दगडावर भाण एकदाच वाजलं,
टण्ण,
आणि इनासनं पहिल्यांदा आरशात पाहिलं.