रिकामी जागा

भरती दुपारी दोन-सत्तावीसला, पावणेपाच मीटर.
एवढं छापलेलं असतं.
पावसाचं नसतं.

म्हणून सकाळच्या ओहोटीलाच
जोमा भोईर दारं उघडतो,
वाशीचा धारण तलाव खाडीत रिता करतो.
गॅलरीतून कुणीतरी ओरडतं:
आभाळ तर कोरडं आहे, काका!

वहीत तो तीन रकाने आखतो.
आला तर.
नाही आला तर.
तिसऱ्याला नाव देत नाही,
पण जागा सोडतो, सगळ्यात रुंद.

गाळ वर्षाला वीतभर चढतो.
काठावर टेप धरून माणसं येतात,
रिकामं काही त्यांना बघवत नाही.

संध्याकाळपर्यंत थेंब नाही.
तळाच्या चिखलात शेकाटे चरतात.
जोमा बिजागरींना ग्रीस चोळतो,
उद्याची वेळ लिहितो:
तीन-नऊ.